वाट पुसणाऱ्याची भाषा

वाठारपाशी महामार्ग सोडून वारणानगरमार्गे कोडोलीला येणाऱ्या एस.टी.तून एखादा परका माणूस उतरतो आणि समोर दिसेल त्याला एका घराची वाट विचारतो. त्याला लगेच उत्तर मिळत नाही. आधी उलट प्रश्न येतो, "कुणाकडं जायचं हाय?" मग "कुठनं आलासा, पावणं?" आणि हे दोन प्रश्न पार पडल्यावर कोणीतरी हात लांब करून सांगतो, "असंच नीट म्होरं जावा, देवळापासनं डावीकडं वळा, तिथं कुणालाबी इचारा." या उत्तरात अंतराचा आकडा नसतो, रस्त्याचे नाव नसते, घराचा क्रमांक तर नसतोच. तरीही पाहुणा मुक्कामी पोहोचतो, कारण त्या उत्तराचा खरा आधार शेवटच्या शब्दांत असतो. पुढे पुन्हा विचारावे लागेल हे सांगणाऱ्याने गृहीत धरलेले असते, आणि विचारण्यात कमीपणा नाही हे विचारणाऱ्याने. चैत्रात जोतिबाच्या डोंगराकडे निघालेले, सासनकाठ्या खांद्यावर घेतलेले यात्रेकरू, त्यांत कर्नाटकातून आलेले कानडी भाविकही, या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या असेच विचारत आले आहेत.

वाट विचारणे ही भाषेची सर्वांत साधी आणि सर्वांत जुनी गरज असावी. तिच्यात पांडित्याला वाव नाही. जो विचारतो त्याने 'मला ठाऊक नाही' हे कबूल केलेले असते, आणि जो सांगतो त्याने परक्यासाठी दोन क्षण थांबण्याचे सौजन्य दाखविलेले असते. भाषेचा असा उपयोग आपल्या शिक्षणात कोठे बसतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण त्याचा विचार करण्यासाठी कोडोलीच्या त्याच चौकातील एखाद्या शिक्षकाला अथवा विद्यार्थ्याला मनाने लिस्बनच्या रस्त्यावर उभे करून पाहावे. त्याला स्टेशन गाठायचे आहे, समोरून येणाऱ्या माणसाची भाषा पोर्तुगीज आहे आणि त्याच्याजवळ त्या भाषेतील चार वाक्ये आहेत. तो काय करील?

उदाहरणासाठी पोर्तुगीजच निवडण्याला कारण आहे. ही भाषा कोल्हापूरकरांना वाटते तितकी दूरची नाही. घाट उतरून सावंतवाडी ओलांडली की गोव्याची हद्द लागते, आणि तेथे १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षे, पोर्तुगिजांचा अंमल होता. चौल आणि वसई ही त्यांचीच ठाणी. शेजारी एवढा काळ नांदलेली भाषा घरात शिरल्याशिवाय राहत नाही. कोडोलीत घर बांधणारा मेस्त्री, त्याच्या हाताखालचे घमेले, दाराची बिजागरी, कुलपाची चावी, न्हाणीतील बादली, पाणी साठविण्याचे पिंप, सदऱ्याचे काज, महिनाअखेरचा पगार, बाजारात मिळणारे बटाटे, कोबी, पेरू, पपई आणि अननस, निपाणीकडचा तंबाखू, हे सारे शब्द पोर्तुगीज बोटींतून पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि घाट चढून वर आले. ऊस गाळून गूळ करणाऱ्या शेतकऱ्याचा माल कोल्हापूरच्या बाजारपेठेत ज्या 'लिलावा'त विकला जातो, तो शब्दही मूळचा पोर्तुगीजच. 'लेइलांव' असा त्याचा मूळ उच्चार. म्हणजे ज्याला पोर्तुगीजचा गंधही नाही अशी शपथ घ्यावी, त्याच्या तोंडात सकाळपासून रात्रीपर्यंत पोर्तुगीज शब्द असतात.

हा झाला व्यापाराचा संबंध. दुसरा संबंध हुकमाचा, आणि तो इतका निरुपद्रवी नव्हता. संभाजी महाराजांनी १६८३ च्या अखेरीस गोव्यावर स्वारी करून पोर्तुगिजांना हादरा दिला. त्यानंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने फर्मान काढले की गोव्यातील रहिवाशांनी आपली देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. त्यासाठी मुदत दिली ती तीन वर्षांची. लोकांची जीभ तीन वर्षांत बदलून टाकण्याची ही कल्पना आज हास्यास्पद वाटते, पण तिच्यामागील सत्ता हास्यास्पद नव्हती. 'तुरुंग' हा शब्दही आपल्याला याच भाषेने दिला, हे या संदर्भात विसरता येत नाही. तरीही त्या फर्मानाचे फळ काय? पोर्तुगीज ही दरबाराची, न्यायालयाची आणि काही सुशिक्षित घराण्यांची भाषा झाली. शेतावर, बाजारात आणि चुलीपुढे कोकणी तशीच राहिली. देवळांतल्या कीर्तनांत मराठी टिकली.

याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. रायगड जिल्ह्यात, चौलच्या खाडीच्या मुखाशी कोर्लई नावाचे गाव आहे. चौल पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आले ते १७४० मध्ये. त्यानंतर तेथे पोर्तुगीज राजा नाही, सुभेदार नाही, पोर्तुगीज शाळा नाही. तरीही कोर्लईतील छोटा ख्रिस्ती समाज आजही घरात पोर्तुगीजपासून उपजलेली बोली बोलतो. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आमची जीभ', 'आमची भाषा' म्हणतात. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. सभोवतालच्या मराठीने तिला अडीचशे वर्षांत आपल्या वळणावर आणले आहे. जी भाषा गोव्यात राजाज्ञेने घरोघर पोहोचली नाही, ती राजा निघून गेल्यावरही येथे काही घरांत टिकून राहिली. भाषा हुकमाने येत नाही, परस्परांच्या गरजेने येते, याचे याहून बोलके प्रमाण शोधावे लागणार नाही.

हुकूम आणि व्यापार यांच्याखेरीज भाषेशी तिसरा संबंध असतो, तो विचारणाऱ्याचा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या दरम्यान असे विचारणारे होऊन गेले आहेत. गोवा दरबारी मराठ्यांची पत्रे वाचून दाखविण्यासाठी आणि त्यांना उत्तरे लिहिण्यासाठी दुभाषी असत. त्या पदाला पोर्तुगीज नाव 'लिंग्वा'. म्हणजे सरळ सरळ 'जीभ'. कोर्लईकर आपल्या बोलीला ज्या शब्दाने ओळखतात तोच हा शब्द. आपण ज्याला दोन भाषांचा माणूस म्हणतो त्याला त्यांनी राज्याची जीभ म्हटले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्यात आला, येथील लोकांत राहून त्यांची भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. कोकणीचे व्याकरण त्याने पोर्तुगीज भाषेत लिहिले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. परंतु भाषा शिकताना त्यालाही आधी गावकऱ्यांपुढे विद्यार्थी व्हावे लागले असणार. आपल्या काळात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातील पोर्तुगीज कागदांना प्रश्न विचारण्यात आयुष्य घालविले. १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ त्या विचारण्याचे फळ आहे. शिवकालाचा आणि पेशवाईचा पुष्कळ इतिहास आजही त्या दफ्तरांत पोर्तुगीज लिपिकारांच्या हस्ताक्षरात पडून आहे. तेथे वाट विचारायची तर त्याच भाषेत विचारावी लागते.

आणि कोडोलीने तर या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिलेली आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे एक ठाणे कोडोलीत होते. मिशनचे रुग्णालय त्याचीच खूण. सातासमुद्रांपलीकडून आलेली ती माणसे येथे उतरली तेव्हा परकी होती, आणि मराठी शिकल्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडणार नव्हते. लिंगांचा घोळ घालीत, 'ळ' आणि 'ण' यांशी झुंजत कोणी गोरा माणूस वाट पुसू लागला, तर गावकऱ्याला हसू आले असेल, पण त्याने वाट सांगितली असेल. परक्याच्या मोडक्या बोलीला माणसे सहसा दार लावून घेत नाहीत. ज्या गावाने हे अनुभवले, त्या गावच्या माणसाने परदेशी आपल्या मोडक्या बोलीची लाज का बाळगावी?

आता लिस्बनच्या त्या रस्त्याकडे वळता येईल. कोडोलीच्या पाहुण्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की तेथेही एकदम प्रश्न फेकण्याची रीत नाही. आपल्याकडे 'रामराम' म्हणून मग बोलणे सुरू होते. तेथे दुपारपर्यंत 'बों दीआ', दुपारनंतर 'बोआ तार्द'. मग 'दिश्कुल्प', म्हणजे माफ करा. आणि मग प्रश्न. प्रश्नाचे सूत्र एकच आहे आणि ते पाठ करण्यास पाच मिनिटे पुरतात. 'ओंद फीका' म्हणजे 'कोठे आहे', आणि पुढे ज्या ठिकाणी जायचे ते. 'ओंद फीका आ इश्तासांव?' म्हणजे स्टेशन कोठे आहे? शेवटचा 'आंव' हा नाकातून यायचा स्वर इंग्रजी शिकलेल्या युरोपीय प्रवाशाला फार छळतो. पण लिलावातला 'आव' ज्याच्या तोंडात आहे आणि कोकणी माणसाचे सानुनासिक बोलणे ज्याने ऐकले आहे, त्याला तो परका नाही.

आदरार्थी बोलण्यातही मराठी माणसाला पूर्वतयारी आहे. पोर्तुगीजमध्ये घरच्या माणसाला 'तू' म्हणतात, आणि गंमत म्हणजे तो शब्द आपल्या 'तू'सारखाच आहे. पण अनोळखी मोठ्या माणसाला, विशेषतः पोर्तुगालमध्ये, सर्वनामाने हाक न मारता 'उ सेन्योर' अथवा 'आ सेन्योरा' म्हणून तृतीय पुरुषी क्रियापद वापरणे सभ्यपणाचे ठरते. 'सेन्योरांना ठाऊक आहे का, स्टेशन कोठे आहे?' अशी ती रचना. 'गुरुजींनी चहा घेतला का?' असे गुरुजींना समोरच विचारणाऱ्या आपल्या माणसाला या रचनेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. तसेच आभाराचे. पुरुषाने 'ओब्रिगादु' म्हणायचे, स्त्रीने 'ओब्रिगादा'. बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे शब्द का बदलावा, असा प्रश्न इंग्रजाला पडेल. 'मी जातो' आणि 'मी जाते' असे बोलणाऱ्यांना तो पडण्याचे कारण नाही.

येथवर सारे सोपे आहे, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. प्रवासी वाक्ये पाठ करतो ती प्रश्नांची. पण रस्त्यावर अडचण येते ती उत्तराची. प्रश्न जितका शुद्ध उच्चारावा तितके उत्तर अधिक वेगाने येते, कारण ऐकणाऱ्याची समजूत होते की समोरच्याला आपली भाषा येते. त्यातून पोर्तुगालमधील माणूस बोलताना अनाघात स्वर गिळून टाकतो. पुस्तकात जे चार अक्षरांचे दिसते ते कानावर दोन अक्षरांचे पडते. आणि वाटेच्या भाषेत एक सापळा असा आहे की तो ठाऊक नसेल तर माणूस भलतीकडेच जातो. 'दिरेइता' म्हणजे उजवीकडे, आणि 'दिरेइतु' म्हणजे सरळ. दोन्हींत फरक केवळ शेवटच्या स्वराचा, आणि तोच स्वर तेथे अर्धवट गिळला जातो. 'उजवीकडे वळा' आणि 'नाकासमोर जा' यांत एवढेच अंतर! डावीकडे म्हणजे 'इश्केर्दा', तो शब्द मात्र वेगळा असल्याने घोळ होत नाही. सरळ जाण्यासाठी 'आइं फ्रेंत' असाही प्रयोग आहे, आणि तो कानावर पडला तर प्रवाशाने समाधानाचा सुस्कारा टाकावा.

दुसरा घोळ देशादेशांतला आहे. पोर्तुगालमध्ये आगगाडीला 'कोंबॉयु' म्हणतात, तर ब्राझीलमध्ये 'त्रेंय'. पोर्तुगालमध्ये बसला 'औतुकार्रु' तर ब्राझीलमध्ये 'ओनिबुस'. आज पोर्तुगीज बोलणाऱ्यांत सर्वाधिक संख्या ब्राझीलची आहे, म्हणून शिकविणारी साधने पुष्कळदा तेथील उच्चार शिकवितात, आणि त्यांवर विसंबून लिस्बनला उतरलेला माणूस प्रथम गोंधळतो. कोल्हापूरचा माणूस नागपुरास गेला तर त्याचीही अशीच गत होते. म्हणून काही तो मराठी विसरला असे होत नाही. तिसरा घोळ तर दारातच उभा असतो. दुकानांच्या दारावर एक शब्द लिहिलेला असतो, त्याचा उच्चार 'पूश'. इंग्रजी शिकलेला प्रत्येक जण दार ढकलतो आणि दार उघडत नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ 'ओढा' असा आहे. एका भाषेचे ज्ञान दुसऱ्या भाषेच्या दारात कसे अडथळा होते, याचा हा रोजचा धडा.

मग उत्तर समजून घ्यावे कसे? त्याचा उपाय शब्दकोशात नाही, कोडोलीच्या चौकात आहे. 'तिथं कुणालाबी इचारा' हेच त्याचे सूत्र. संपूर्ण मार्ग एका माणसाकडून समजून घेण्याचा हट्ट धरू नये. पहिले वळण कोणते एवढेच ध्यानात ठेवावे, तेथवर जावे आणि पुन्हा विचारावे. सांगणाऱ्याने जे सांगितले ते आपण उच्चारून दाखवावे आणि हाताने दिशा करावी. चूक असेल तर तो हसून दुरुस्त करील. 'माइश दिवागार', म्हणजे 'जरा सावकाश', हे दोन शब्द अवघड व्याकरणाच्या दहा पानांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. 'लोंज' म्हणजे दूर आणि 'पेर्तु' म्हणजे जवळ, 'प्रिमेइरा' म्हणजे पहिली आणि 'सेगुंदा' म्हणजे दुसरी, 'रूआ' म्हणजे रस्ता, एवढी शिदोरी असली तर माणूस उपाशी राहत नाही. हा 'रूआ' पाहण्यासाठी लिस्बनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पणजीच्या फोंतेनास भागात रस्त्यांच्या नावांच्या फरशांवर तो आजही वाचता येतो.

यावर कोणी म्हणेल की हातात भ्रमणध्वनी आहे, त्यात नकाशा आहे, तो मराठीतही वाट सांगतो, मग ही यातायात कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. वळण चुकू नये एवढाच हेतू असेल तर यंत्र पुरेसे आहे, आणि अपरिचित शहरात रात्री एकट्या माणसाने त्याचाच आधार घ्यावा हे शहाणपणाचे. परंतु यंत्राला वाट विचारताना माणूस कोणापुढे नम्र होत नाही आणि कोणी त्याच्यासाठी थांबत नाही. शहराचा नकाशा कळतो, शहर कळत नाही. ज्याने वाट सांगितली त्याने 'कुठनं आलासा?' असे विचारले तर भारत, महाराष्ट्र, कोल्हापूर असे सांगण्याची संधी मिळते, आणि लिस्बनमध्ये तर गोव्याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. तेथे गोवेकरांची वस्ती आहे, मोझांबिकमार्गे आलेले गुजराती आहेत. वाट विचारताना असा धागा केव्हा हाती लागेल ते सांगता येत नाही. नकाशा त्याची खूण दाखवीत नाही.

खरा प्रश्न प्रवासाचा नाहीच. परदेशी जाणारे थोडे असतात. प्रश्न आपल्या वर्गांचा आहे. आपल्या शाळांत मूल भाषा शिकते ती उत्तरे देण्यासाठी. प्रश्न विचारतात गुरुजी आणि प्रश्नपत्रिका, आणि मुलाने उत्तर लिहायचे. दहा वर्षे इंग्रजी शिकलेला, त्या विषयात चांगले गुण मिळविलेला विद्यार्थी परप्रांताच्या रेल्वे स्टेशनवर 'ही गाडी कोठे जाते' असे विचारताना घाम पुसतो. त्याच्याजवळ शब्द नसतात असे नाही. चूक होण्याची भीती असते, आणि न समजलेले उत्तर पुन्हा विचारण्याचे धैर्य नसते. शाळेने त्याला चूक म्हणजे लाल रेघ एवढेच शिकविलेले असते. कचेरीतल्या कारकुनापुढे अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या खेडुताची अवस्था याहून वेगळी नसते. तो तर आपल्याच भाषेत, पण कचेरीच्या भाषेत, वाट विचारीत असतो. तेथे 'पुढच्या खिडकीवर जा' असे वर न पाहता सांगणारा माणूस आणि दोन शब्द अधिक बोलून खिडकी दाखविणारा माणूस, या दोघांत जे अंतर आहे तेच हुकमाच्या भाषेत आणि सौजन्याच्या भाषेत आहे.

म्हणून कोणतीही भाषा शिकविताना पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला विचारायला शिकवावे. वर्गातच एकाने परका व्हावे, दुसऱ्याने गावकरी. परक्याने वाट विचारावी, गावकऱ्याने नेहमीच्या वेगाने सांगावे, आणि परक्याने न समजल्याचे मोकळेपणाने सांगून पुन्हा विचारावे. चुकीला गुण कापू नयेत, पुन्हा विचारण्याला गुण द्यावेत. याला निधी लागत नाही, शासनाचा आदेशही लागत नाही. आणि हा खेळ इंग्रजीपुरता राखण्याचे कारण नाही. कानडीत खेळावा, कारण ती शेजारी आहे. ज्याला मराठ्यांच्या इतिहासात पुढे शिरायचे असेल त्याने पोर्तुगीजमध्येही खेळावा. गोवा विद्यापीठात त्या भाषेचा विभाग आहे आणि कोल्हापूरहून गोवा काही दूर नाही.

पोर्तुगीज भाषेशी आपल्या एका माणसाचा संबंध आला तो मात्र प्रवाशासारखा नव्हता. सांगलीचे मोहन रानडे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि मुक्तिसंग्रामात उतरले. १९५५ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांना प्रदीर्घ कारावासाची शिक्षा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात ठेवण्यात आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. ऐन तारुण्याची सुमारे चौदा वर्षे त्यांच्या कानावर ही भाषा पडली ती पहारेकऱ्यांच्या आणि न्यायाधीशांच्या तोंडून. तेथे वाट विचारण्याची सोय नव्हती, कारण बाहेर जाण्याची वाटच नव्हती. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्येच हुकूमशाही कोसळली, त्याच काशियशमधून पोर्तुगीज राजबंदीही बाहेर आले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ज्या भाषेत हुकूम दिले जात होते त्याच भाषेत त्या देशाच्या लोकांनी स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या. दोष भाषेचा कधीच नव्हता.

आज लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्थानकावरून समुद्रकाठाने काश्काइशकडे जाणारी गाडी वाटेत काशियशला थांबते. कोडोलीचा अथवा सांगलीचा एखादा शिक्षक उद्या तेथे उतरला आणि समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याला 'बोआ तार्द' म्हणून त्याने विचारले, 'ओंद फीका उ फोर्त?', किल्ला कोठे आहे, तर तो म्हातारा थांबेल, कदाचित उलट विचारील, कोठून आलात, आणि हात लांब करून दिशा दाखवील. उजवीकडे की सरळ, हे पहिल्या खेपेस कळणार नाही. शिक्षकाने संकोच न करता म्हणावे, जरा सावकाश, आणि पुन्हा विचारावे.